नवाथ्यांनी छळलेले जिवाणू

श्रीरंग नवाथे पडले ते चौऱ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये, सकाळी साडेसातला, स्वतःच्याच सोसायटीच्या गच्चीवर. पडताना त्यांनी डावा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. उजव्या हातातला थर्मामीटर मात्र त्यांनी वर धरून ठेवला होता. तो वाचला.

नवाथ्यांची चौतीस वर्षं हवामान खात्यात निरीक्षक म्हणून गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी नायगावला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, चार मजली इमारतीत सगळ्यात वरचा फ्लॅट घेतला. वरचाच का, असं त्यांच्या पत्नीने, सरोजिनीबाईंनी, चार-पाच वेळा विचारलं होतं. लिफ्ट नाही, गुडघे दोघांचेही कुरकुरणारे, टँकरचं पाणी वरपर्यंत चढता चढत नाही. "गच्ची लागून आहे," एवढंच उत्तर त्यांना मिळालं. गच्चीवर नवाथ्यांनी झडपांची पांढरी लाकडी पेटी बसवली, आत थर्मामीटर टांगले आणि रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायला सुरुवात केली. त्या नोंदी कुणी मागितल्या नव्हत्या. पण सवय खात्याची होती, ती खात्याबरोबर निवृत्त झाली नाही.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून नवाथे पुन्हा गच्चीवर गेले तेव्हा त्यांनी शत्रू नीट पाहिला. पश्चिमेच्या कठड्यालगत, खाडीवरचा वारा थेट येतो तिथे, हिरवट-काळा बुळबुळीत थर पसरला होता. बोट लावलं तर जेलीसारखा हलत होता. त्यांनी वहीत लिहिलं: "शेवाळ. सहा फूट बाय अडीच. नायनाट करणे."

नायनाटाची सुरुवात खराट्याने आणि धुण्याच्या सोड्याने झाली. आठ दिवसांत थर परत आला. मग चुनकळी झाली, मग ब्लीचिंग पावडर. पावडरीच्या वासाने तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांचे डोळे झोंबले. थर पांढरा पडला, महिनाभर गप्प बसला आणि कडेकडेने पुन्हा हिरवा होत आत सरकला. प्रत्येक हल्ल्याची तारीख, वेळ, मात्रा, हवेतला दमटपणा आणि "परिणाम" असा रकाना नवाथ्यांनी वहीत आखला होता. परिणामाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द होता: "तात्पुरता."

एप्रिलमध्ये तो थर आपोआपच वाळला. काळ्या कागदासारखे पापुद्रे सुटले, बोटाने चुरले तर राख व्हावी तसे. नवाथ्यांनी त्यातले थोडे पाकिटात भरले, पाकिटावर तारीख घातली आणि खाली येऊन सरोजिनीबाईंना सांगितलं, "मेलं."

"पाकिटात कशाला भरलंत?"

"पुरावा म्हणून."

जुलैत थर होता तिथेच होता. उलट अर्धा फूट वाढला होता.

माणूस हरला की एक तर थांबतो किंवा त्याला नवी कल्पना सुचते. नवाथ्यांना मीठ सुचलं. गोगलगाईवर मीठ टाकलं की ती विरघळते, लोणच्यात मीठ असलं की बुरशी लागत नाही, तेव्हा मिठापुढे या शेवाळाचं काय चालणार? आणि मिठाला नायगावात तोटा कसला? शहाण्णवच्या फेब्रुवारीत एका रविवारी त्यांनी सायकलच्या कॅरिअरला दोन कॅन बांधले आणि ते मिठागरावर गेले.

तिथे भागूबाई काम करत होत्या. पन्नाशीच्या, कासोटा घट्ट, पायाला चिखलाचे मोजे. मीठ ओढायचं लाकडी फावडं त्यांनी बांधाला टेकवलं आणि नवाथ्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खारं पानी पायजे? न्या की. पन करनार काय त्याचं?"

"गच्चीवर शेवाळ झालंय. त्यावर ओतणार. मरेल ना?"

भागूबाईंनी नवाथ्यांना बांधावरून पुढे नेलं. मीठ धरायच्या आधी जिथे पाणी तापत ठेवतात, तिथल्या एका वाफ्यात त्या वाकल्या आणि तळाचा एक तुकडा त्यांनी उचलून हातावर ठेवला. चामड्यासारखा जाड, वरून तपकिरी, मधे हिरवा, खाली गुलाबी.

"ही बगा. हिला आमी हात लावत नाय. ही तळाला असली तर पानी जमिनीत मुरत नाय. समुद्राच्या दुप्पट खारं पानी आहे इथं, वर ऊन. ही मजेत राहते. दुपारी बगाल तर फिकट दिसते, अंग चोरून खाली जाते. उन्हं कलली की वर येते."

"म्हणजे शेवाळ हलतं?"

"तुमी उन्हात उभे राहाल का? सावलीत जालच ना?"

नवाथे अभ्यासू माणूस होते, पण हट्टीही होते. मिठागरातलं वेगळं आणि गच्चीवरचं वेगळं, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि कॅन भरून घेतले. चार मजले ते कॅन चढवणं हे काही सोपं काम नव्हतं, म्हणून कठड्यालगतच्या डाव्या तीन फुटांवरच त्यांनी खारं पाणी ओतायचं ठरवलं. दर रविवारी सकाळी अकराला. एक वर्ष गेलं, दुसरं लागलं. थर करपायचा, आक्रसायचा, पिवळा पडायचा आणि पावसात पुन्हा अंग धरायचा. तोवर मिठाने गच्चीचं प्लास्टर फोडलं आणि नवाथ्यांच्याच हॉलमध्ये छताला ओल आली.

सरोजिनीबाईंनी त्या ओलीकडे बघत विचारलं, "शेवाळ मेलं का?"

"अजून नाही."

"मग आधी बहुतेक आपणच."

नवाथ्यांनी त्या दिवशी सोसायटीला अर्ज केला. संपूर्ण गच्चीला वॉटरप्रूफिंगचा लेप द्यावा, "जेणेकरून या हिरव्या शत्रूचा समूळ नायनाट होईल." पुढच्या वर्षभरात त्यांनी याच मजकुराचे सहा अर्ज केले.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये तळमजल्यावरची हेतल व्होरा आईबरोबर पापड वाळत घालायला गच्चीवर आली. हेतल मुंबईला कॉलेजात एम.एस्सी. करत होती, सूक्ष्मजीवशास्त्रात, आणि त्या आठवड्यात तिचं तोंड उतरलेलं होतं. प्रयोगासाठी काचेच्या चंबूंत वाढवलेले जिवाणू सगळेच्या सगळे मेले होते. एसी बंद पडला, दोन दिवस गरमी झाली आणि सगळं खलास. वर्ष वाया जायची वेळ आली होती.

पापड पसरता पसरता तिची नजर कठड्याकडे गेली. ती उकिडवी बसली आणि नखाने एक काळा पापुद्रा उचलला.

"काका, हे कोणी लावलंय?"

"लावलंय?" नवाथे पेटीपाशी तापमान बघत होते, ते वळले. "चार वर्षं मी ते काढतोय! शेवाळ आहे. हवं तर सगळं घेऊन जा."

"पण काका, हे शेवाळ नाहीये. हे जिवाणू आहेत. निळे-हिरवे जिवाणू. झाडासारखं उन्हातून जेवण बनवतात, पण झाड नाहीत. माझे चंबूत होते ना, यांचेच चुलत भाऊ. ते गेले," तिने पापुद्रा उन्हात धरला, "आणि हे इथे अशा उन्हात! तुम्ही काय काय केलंत यांना?"

नवाथ्यांनी वही आणली.

हेतल वही वाचत गेली तशी तिच्या आईला पापड एकटीनेच पसरावे लागले. सोडा, चुना, ब्लीचिंग पावडर, खारं पाणी. तारीख, वेळ, मात्रा. शेजारी त्या दिवशीचं कमाल तापमान, किमान तापमान, दमटपणा. चार वर्षं, एकही दिवस न चुकता.

"काका," ती हळूच म्हणाली, "माझ्या प्रोजेक्टचा विषय माहिती आहे? हे जिवाणू त्रास कसा सहन करतात. ऊन, दुष्काळ, मीठ. आमच्या लॅबमध्ये कुणी इतका त्रास दिलेला नाही. कुणाला इतका वेळच नसतो."

नवाथ्यांना हे कौतुक आहे की काय, ते कळेना. पण चार वर्षं आपण शत्रूचं नावही चुकीचं लिहीत होतो, हे त्यांना फार लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी वहीतल्या पहिल्या पानापासून "शेवाळ" हा शब्द लाल पेनाने खोडला आणि वर "जिवाणू" लिहिलं. एकशे अठरा ठिकाणी.

मे महिन्यातल्या एका रविवारी हेतल कॉलेजातून परवानगी काढून सूक्ष्मदर्शक घेऊन आली. नवाथ्यांच्या डायनिंग टेबलावर तो ठेवला. नवाथ्यांनी कपाटातून दर उन्हाळ्यात भरलेली पाकिटं काढली. हेतलने सगळ्यात जुनं निवडलं. एप्रिल पंच्याण्णव. तीन वर्षं कपाटात, कोरडं, अंधारात. तिने चिमूटभर चुरा बशीत टाकला आणि वर चमचाभर पाणी.

"हे मेलेलं आहे," नवाथे म्हणाले. "मी स्वतः खात्री केली होती."

"बघूया ना."

पाचच मिनिटांत काळा चुरा फुगू लागला. सरोजिनीबाई भाजी चिरत होत्या, त्या सुरी घेऊनच आल्या. साबुदाणा भिजावा तसे दाणे गोल झाले, मऊ झाले, आणि काळ्यातून गडद हिरवा रंग वर आला. अर्ध्या तासाने बशीत जेलीचा एक छोटासा गोळा चमकत होता. हेतलने बशी खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी नवाथ्यांनी भिंग लावून पाहिलं तेव्हा गोळ्याच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले होते.

"प्राणवायू," हेतल म्हणाली. "कामाला लागले."

नवाथे बशीपुढे खुर्ची ओढून बसले. त्यांना राग यायला हवा होता. ज्याला तीन वर्षांपूर्वी मेला म्हणून जाहीर केलं, तो त्यांच्या घरात, त्यांच्याच बशीत बसून श्वास सोडत होता. पण राग काही येईना.

"हे करतात कसं?" त्यांनी विचारलं.

हेतलने सांगितलं. पाणी जायला लागलं की हे पेशीत एक प्रकारची साखर साठवतात, ती पाण्याच्या जागी बसून आतल्या नाजूक गोष्टी जागच्या जागी धरून ठेवते. बाहेरची बुळबुळ म्हणजे त्यांची गोधडी, ती ओल हळूहळू सोडते. वरचा काळा-तपकिरी रंग म्हणजे छत्री, उन्हातले घातक किरण तोच अडवतो. "आणि मुख्य म्हणजे काका, ते काम बंद करतात. ऊन भरपूर आणि पाणी नाही, अशा वेळी जेवण बनवत बसले तर त्याच उन्हाने जळून जातील. म्हणून सगळं बंद."

"संप?"

"संप नाही. रजा. पाणी मिळालं की आधी मोडलेलं दुरुस्त करतात, मग कामावर हजर."

"आणि मीठ?"

"मीठ आलं की पेशीतलं मीठ बाहेर फेकतात आणि आत पुन्हा साखर भरतात, बाहेरच्या खारटपणाला तोलून धरायला."

"चौतीस वर्षं नोकरी केली," नवाथे म्हणाले, "एवढी शिस्त कुणात पाहिली नाही."

सरोजिनीबाईंनी बशीकडे बघून एवढंच विचारलं, "ही बशी आता परत जेवायला घ्यायची आहे का?"

त्या दिवसापासून नवाथ्यांचं गच्चीवर जाणं बदललं. खराटा जिन्यातच राहिला. त्यांनी खडूने कठड्यालगत चौकोन आखले, हेतलने त्यांना क्रमांक दिले. डावीकडचे खाऱ्या पाण्याचे, उजवीकडचे साधे. पावसाळाभर नमुने काढायचे, मिठाच्या निरनिराळ्या पाण्यात ठेवायचे आणि कोण टिकतो ते बघायचं, असं ठरलं.

आणि मग मे अखेरीस सोसायटीची सभा भरली. सेक्रेटरी डॉमनिक लोपीस चष्मा लावून उभे राहिले. "पहिला विषय. नवाथे साहेबांच्या सहा अर्जांचा विचार करून कमिटीने गच्चीला लेप द्यायचं मंजूर केलेलं आहे. पावसाआधी, येत्या आठवड्यात. नवाथे साहेब, अभिनंदन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवाथे उभे राहिले.

"माझा विरोध आहे," ते म्हणाले.

डॉमनिकनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सहावा अर्ज हातात घेतला. "या हिरव्या शत्रूचा समूळ नायनाट... ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग?"

"शत्रूबद्दलची माहिती अपुरी होती."

सभेत जो हशा झाला तो ओसरायला वेळ लागला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, लेप झालाच पाहिजे, उद्या आमच्याकडे पाणी उतरलं तर? ते बरोबरच होतं, आणि नवाथ्यांना ते कळत होतं. हेतल मागे आईशेजारी बसली होती. सोसायटीच्या सभेत एम.एस्सी.चं कोण ऐकणार?

"सगळी गच्ची नको," नवाथे म्हणाले. "पश्चिमेच्या कठड्यालगतचा सहा फुटांचा पट्टा एक वर्ष सोडा. तो आमच्याच घरावर येतो. गळलं तर आमच्याकडे गळेल. मी लिहून देतो."

हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घर एकट्याचं नाही. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहायचं टाळलं. पण सरोजिनीबाई उभ्या राहिल्याच होत्या.

"डॉमनिकभाऊ, तो पट्टा बरोब्बर हॉलवर येतो ना? बेडरूमवर एक इंचही यायला नको. हॉलमध्ये बादली ठेवता येते. अंथरुणात ठेवता येत नाही." मग त्या नवाथ्यांकडे वळल्या. "आणि बादल्या रिकाम्या कोण करणार, तेही लिहून द्या."

ठराव मंजूर झाला. तो इतिवृत्तात कसा लिहायचा, यावर डॉमनिकनी दोन दिवस विचार केला आणि शेवटी "शैक्षणिक कारणास्तव" असं लिहिलं.

त्या पावसाळ्यात नवाथ्यांच्या हॉलमध्ये तीन बादल्या आणि एक पातेलं होतं. टीव्ही बेडरूममध्ये हलवावा लागला. आलेल्या पाहुण्यांना कुठे बसायचं नाही ते आधी दाखवावं लागे. नवाथे सकाळी बादल्या ओतत, तापमान लिहीत आणि छत्री धरून चौकोनांमधले नमुने काढत. हेतल शनिवारी ते बाटल्यांमधून कॉलेजला नेई. उजवीकडचे नमुने मिठाच्या पाण्यात तीन-चार दिवसांत पिवळे पडले. डावीकडचे सुरुवातीला मलूल झाले, तिने आशा सोडली, आणि सहाव्या दिवशी बाटलीचा तळ पुन्हा हिरवा झाला. तिने प्रयोग पुन्हा केला. मग पुन्हा एकदा. तीनही वेळा तेच.

ती धावत चार मजले चढून आली. "काका, तुमचे जगले! दोन वर्षं तुम्ही दर रविवारी मीठ घातलंत, त्यांना सवय झाली. नाही तर ज्यांना झेपत होतं तेवढेच मागे उरले. यातलं कुठलं ते अजून सांगता येणार नाही. पण तुम्ही त्यांची तालीम घेतलीत!"

"मी मारायला गेलो होतो गं," नवाथे म्हणाले.

"माहीत आहे. मी तसंच लिहिणार आहे."

नव्व्याण्णवच्या एप्रिलमध्ये हेतलची तोंडी परीक्षा होती. वहीतल्या नोंदी कुणी आणि कशासाठी केल्या, असं बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं तर काय सांगायचं, या काळजीने तिने नवाथ्यांनाच बरोबर नेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसले. तासाभराने त्यांना खरंच आत बोलावलं.

परीक्षक बाईंच्या हातात वही होती. "दर रविवारी सकाळी बरोब्बर अकराला खारं पाणी. वेळेत इतकं सातत्य कसं काय?"

"त्या वेळी आमची मंडळी भाजीला बाहेर जाते."

बाईंनी ओठ दाबले. "आणि दर वर्षी वाळलेले नमुने तारीख घालून जपून ठेवलेत. हे तुम्हाला कुणी सुचवलं?"

"कुणी नाही. मेल्याचा पुरावा हवा होता."

"तो मिळाला का?"

"नाही," नवाथे म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नातवाचा निकाल सांगताना यावं तसं काहीतरी आलं. "एकही मेला नाही."

हेतल पहिल्या वर्गात पास झाली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिने मार्गदर्शकांचे आभार मानले होते, आईवडिलांचे मानले होते, हॉलमधल्या बादल्यांसाठी सरोजिनीबाईंचे मानले होते, आणि "श्री. श्रीरंग नवाथे यांचे, त्यांच्या प्रामाणिक आणि चिवट शत्रुत्वाबद्दल." नवाथ्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढली. जूनमध्ये तिला बडोद्याला नोकरी लागली.

ठरल्याप्रमाणे मे महिन्यातच लेपवाले आले होते. नवाथ्यांनी आदल्या दिवशी खरवडून घेता येईल तेवढं घेतलं. माणसं काम करत होती तेवढा वेळ ते खाली स्टेशनपर्यंत चालून आले, दोनदा. वर आले तेव्हा पट्टा राखाडी, गुळगुळीत झाला होता. त्यांनी त्यावर हात फिरवला आणि त्या दिवसाचं तापमान लिहिलं. त्या पावसाळ्यात हॉल कोरडा राहिला. सरोजिनीबाईंनी टीव्ही पुन्हा जागेवर आणला आणि दोघांना पहिले काही दिवस ते घर फारच शांत वाटलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी फोन वाजला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजात संकोच.

"नवाथे काका आहेत का? मी कार्मिन, गिरीजहून बोलते. हेतल होती ना, मी तिच्याच कॉलेजात आहे. आमच्या वाडीतलं तळं अचानक गुलाबी झालंय. घरचे म्हणतात औषध टाकून साफ करू. मॅडम म्हणाल्या की काही टाकायच्या आधी त्या त्रास देणाऱ्या काकांना विचार. ते तुम्हीच का?"

"मीच," नवाथे म्हणाले. "काही टाकू नका. वास येतो का पाण्याला?"

"आधी फार येत होता, सडक्या अंड्यासारखा. गुलाबी झाल्यापासून कमी झालाय."

"कमी झालाय? म्हणजे तो वास कुणीतरी खातंय. कधीपासून? तारीख सांग."

तारीख तिला आठवेना. नवाथ्यांनी सुस्कारा सोडला, थर्मामीटर रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला, एक कोरी वही घेतली आणि चपला शोधू लागले. सरोजिनीबाई आतून बाहेर आल्या त्या पदर खोचूनच.

"थांबा," त्या म्हणाल्या, "या वेळी मीही येते. तुम्ही कुणाच्या तळ्यात काय ओताल, नेम नाही."